पेटीतला स्वेटर आणि झोपाळ्याच्या कड्या

तंजावरात स्वेटर लागतो कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. पौषातल्या पहाटेसुद्धा इथला पारा विशीच्या खाली फारसा उतरत नाही, आणि मे महिन्यात राजवाड्याच्या मनोऱ्याच्या सावलीतही उभं राहवत नाही. तरीही राजवाड्याच्या चार बाजूंच्या राजवीथी आणि त्यांना जोडणारे गल्लीबोळ यांत जी जुनी मराठी घरं आहेत, तिथली एखादी लोखंडी पेटी उघडावी आणि नऊवारीच्या घड्यांखालून हातानं विणलेला स्वेटर निघावा, यात नवल नाही. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतलं आणि त्यांच्यामागून आलेली कुटुंबं इथलीच झाली. शेवटचे राजे शिवाजी १८५५ मध्ये वारले, राज्य खालसा झालं, दरबारच्या चाकऱ्या गेल्या. पुढच्या पिढ्या नोकरीसाठी मद्रास, बंगळूर, पुणे, दिल्लीकडे पांगल्या. थंडीच्या गावी गेलेल्यांसाठी कुणी आत्या, कुणी मावशी सुया घेऊन बसली. माणसं निवृत्त होऊन परतली आणि स्वेटरही त्यांच्याबरोबर परतले. इथे ते घालवत नाहीत, टाकवत नाहीत.

अशा स्वेटरचं घरात काय करता येईल, ते सांगतो. एक गोष्ट आधीच मान्य करू या. मासिकांतून, पुस्तकांतून जे उपाय सापडतात, ते बहुतेक थंड मुलुखातले असतात. स्वेटरची उशी करा, स्वेटरची शाल करा, गरम पाण्याच्या पिशवीला अभ्रा शिवा. तंजावरात लोकरीच्या उशीवर दुपारी कोण डोकं टेकणार? इथे लोकरीचा उपयोग ऊब म्हणून जवळजवळ नाहीच. तिचा मऊपणा, लवचीकपणा आणि स्वेटरचा तयार आकार हेच काय ते भांडवल. कोकणात, गोव्यात, चेन्नईत राहणाऱ्यांनाही हेच लागू पडावं.

आधी धागा कशाचा आहे ते पाहा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. दुकानात ज्याला आपण सरसकट ‘लोकर’ म्हणतो, त्यात खरी मेंढीची लोकर थोडी. बरीचशी ॲक्रिलिक, नाहीतर दोन्हीचं मिश्रण. आतल्या बाजूच्या शिवणीतून बोटभर धागा काढा, चिमट्यात धरा आणि मोरीत, पाण्याच्या बादलीशेजारी त्याला काडी लावा. खरी लोकर नाखुशीनं पेटते, केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि मागे चिमटीत चुरडणारी काळी राख राहते. ॲक्रिलिक भरभर जळतं, वितळतं आणि गार झाल्यावर टोकाशी कडक मणी उरतो. मणीही आणि केसांचा वासही, असं झालं तर मिश्रण समजा आणि त्याला ॲक्रिलिकच्या नियमांनी वागवा.

ॲक्रिलिक विस्तवाजवळ नेऊ नका. तापलेली कढई उचलायला ॲक्रिलिकचं फडकं केलं तर ते वितळून हाताला चिकटतं, आणि ती भाजणूक साध्या भाजण्यापेक्षा वाईट असते. उलट, खऱ्या लोकरीचा मोठा शत्रू म्हणजे कसर. लोकर खातो तो पतंग नव्हे, त्याची अळी. तिला अंधार आणि शांतता आवडते, आणि घामाचा किंवा तेलाचा डाग असला की ती तिथूनच सुरुवात करते. वर्षानुवर्षं न उघडलेली पेटी म्हणजे तिला आंदणच. ॲक्रिलिकमध्ये तिच्या खाण्यासारखं काही नसतं. म्हणजे स्वस्त म्हणून आपण ज्याला नाकं मुरडतो, तो स्वेटर काही कामांना जास्त चांगला. त्याकडे पुढे येऊच.

पेटीतून काढलेला स्वेटर थेट शिलाईला घेऊ नका. अंगणात किंवा गच्चीवर चांगल्या उन्हात उलटा करून पसरा आणि शिवणी, काखा, गळपट्टी कपड्याच्या ब्रशनं झाडा. अळ्या आणि अंडी तिथेच दडलेली असतात. कसरीची शंकाच असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा. मग कोमट पाण्यात, केसांच्या शांपूत, न चोळता धुवा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा वाळवा. दोरीवर टांगलात तर पाण्याच्या वजनानं तो गुडघ्यापर्यंत येईल. हे काम तमिळ ऐप्पसी-कार्तिक महिन्यांत काढू नये. ईशान्य मोसमी पाऊस लागला की इथे जाड लोकर दोन-दोन दिवस वाळत नाही आणि तिला कुबट वास धरतो. शिमग्यानंतरचं ऊन यासाठी उत्तम.

कीड दूर ठेवण्याची विद्या शिकायला राजवाड्याबाहेर जायची गरज नाही. आवारातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रं, पोथ्या, मोडी कागदपत्रं पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत. मराठ्यांआधीच्या नायक राजांच्या काळात सुरू झालेला हा संग्रह सरफोजीराजांनी, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजींनी, वाढवला आणि १९१८ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. पोथ्यांना कीड लागू नये म्हणून तिथे वापरलेली एक पूड प्रसिद्ध आहे: वेखंड, कलौंजी, लवंग, मिरी, थोडी दालचिनी आणि कापूर, हे सगळं कुटून पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधायचं. घरी करायला काहीच कठीण नाही. मसाल्याच्या डब्यात निम्मं सामान असतं, आणि बाळंतिणीच्या घरात वेखंडही असतं. पूड भरड ठेवा, फार बारीक केली तर कापडातून गळते आणि लोकरीवर डाग पाडते. वास उतरला की पुरचुंडी बदला. वासानं कीड लांब राहते, पण आत शिरलेली अळी मरत नाही. म्हणून झाडणं आणि धुणं आधी, पुरचुंडी नंतर. डांबराच्या गोळ्यांपेक्षा मला हे बरं वाटतं, विशेषतः घरात तान्हं मूल असेल तर.

आता कात्री. गोधडीची सवय असलेल्या हाताला इथे आवर घालावा लागतो. जुनं लुगडं कुठेही फाडा, कापा, थरावर थर घालून धावदोरा घाला, काही बिघडत नाही, कारण ते मागावर विणलेलं कापड असतं. सुयांवर विणलेला स्वेटर म्हणजे एकात एक अडकवलेले फासे. मधोमध कात्री घातली की कडेचे टाके सुटायला लागतात. म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्या प्रथम काहीच कापू नये. हातानं विणलेला स्वेटर निरनिराळे तुकडे करून मग जोडलेला असतो: पाठ, पोट, दोन बाह्या, गळपट्टी. जोड उसवला की विणणारणीनं बंद केलेल्या कडांसकट हे तुकडे अख्खे हातात येतात. यंत्रावरच्या तयार स्वेटरमध्ये हे सुख नाही. त्याचे तुकडे बहुधा कापून ओव्हरलॉक मारलेले असतात.

जोड उसवायची रीत नीट पाहून घ्या. स्वेटर उलटा करा. बगलेखालची शिवण दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आडवी ताणा. ताणल्यावर दोन तुकड्यांच्या मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतील. तो शिवणीचा धागा. विणीचा धागा वळणावळणांनी जातो, शिवणीचा सरळ आडवा असतो. शिडीच्या मधली एकच पायरी लहान कात्रीनं कापा, बोथट सुईनं टोक वर काढा आणि ओढा. वीतभर शिवण एकदम सुटते. अडलं तर जोर करू नका, पुढची पायरी कापा. शंका आली तर थांबा, चष्मा लावा. चुकून विणीचा धागा कापला गेला तर सुटलेला टाका लगेच सेफ्टी पिनेत अडकवून ठेवा.

तुकडे मोकळे झाले की पहिलं काम मी सुचवीन ते झोपाळ्याचं. इथल्या जुन्या घरांतला ऊंजल म्हणजे जाड फळी आणि चार कोपऱ्यांना चार कड्यांचे साखळदंड, पितळी नाहीतर लोखंडी. दुपारी फळीवर आडवं झालं की केस कड्यांत अडकतात, मुलांची बोटं चिमटतात, म्हाताऱ्या माणसांनी उठताना घट्ट धरलं तर तळहाताला वळ उठतात. पुढून उघडणारा, बटणांचा स्वेटर या कामाला जणू मोजून केलेला असतो. दोन बाह्या आणि पुढचे दोन अर्धे भाग, असे चार लांबट तुकडे कात्री न लावता मिळतात. कड्या चार, तुकडे चार.

साखळी हुकावरून काढायची गरज नाही. बाहीची खालची शिवण उसवून ती सपाट करा. मनगटाकडची रिब फळीकडे, खांद्याकडची रुंद बाजू वर, अशी साखळीभोवती गुंडाळा. मोठ्या माणसाची बाही साखळीला दोन वेढे सहज घेते, म्हणजे गादीसारखी जाडी आपोआप मिळते. खांद्याचा गोलाकार भाग आत दुमडा. बाहेरची कड त्याच रंगाच्या दुहेरी धाग्यानं, मोठ्या डोळ्याच्या बोथट सुईनं, टाक्याला टाका भिडवत शिवत जा. पुढच्या अर्ध्या भागांची बटणपट्टी बाहेरच्या कडेला येऊ द्या. दोन वेढे घेऊन तुकडा उरत नसेल तर एकच वेढा घ्या आणि बटणं तिथेच ठेवून काजी पाडलेल्या पट्टीची जोडी दुसऱ्या बाजूला शिवा, म्हणजे धुवायला काढताना उसवायला नको. वरचं टोक दोन टाक्यांनी साखळीच्या कडीतच अडकवा, नाहीतर आवरण सरकत खाली गोळा होतं.

यात दोन पथ्यं. साखळीचा वरचा हात-दीड हात भाग आणि आढ्याचा हुक कधीही झाकू नका. कडी झिजते ती तिथेच, आणि झिजलेली कडी दिसली पाहिजे. दुसरं, पितळ घामानं आणि दमटपणानं हिरवं पडतं, लोखंड गंजतं, आणि लोकर ओल धरून ठेवते. महिन्या-दोन महिन्यांनी आवरणं काढून धुवा आणि साखळी पुसून कोरडी करा. पावसाळाभर ती काढून ठेवलीत तर आणखी चांगलं. ॲक्रिलिकचा स्वेटर इथे खऱ्या लोकरीपेक्षा सरस ठरतो, कारण तो लवकर वाळतो.

बंद गळ्याच्या, डोक्यावरून घालायच्या स्वेटरचं वेगळं. त्याचं अंग म्हणजे एक सलग नळकांडं, आणि त्याची अख्खी चुंबळ होते. बाह्या उसवून बाजूला ठेवा. मग खालच्या रिबपासून वर, मोजा गुंडाळतात तसं, बगलेपर्यंत घट्ट गुंडाळत या. उरलेला खांद्याचा भाग आतून कड्याभोवती लपेटा आणि दर चार बोटांवर दुहेरी धागा आरपार घालून गाठ मारा. मापाचा हिशेब सोपा आहे: छातीच्या घेराचा तिसरा हिस्सा म्हणजे चुंबळीची साधारण रुंदी. लहान मुलाचा स्वेटर, घेर ६० सेंटिमीटर, तर चुंबळ २० सेंटिमीटरची. पितळी कळशीला किंवा गोल बुडाच्या उरळीला बेताची. मोठ्याचा स्वेटर, घेर ९० ते १००, तर चुंबळ तीसच्या पुढे.

ही मोठी चुंबळ कुणाच्या उपयोगाची? तंजावरात उत्तर तयार आहे: वीणेच्या. इथली वीणा फणसाच्या लाकडाची, तिला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. वाजवताना मोठा कुंभ जमिनीवर आणि दांडीखालचा छोटा भोपळा मांडीवर असतो. पण रियाज संपल्यावर ती खाली ठेवली की गोल कुंभ डळमळतो आणि ओरखडे पडतात. घरात एखादी शिकणारी मुलगी असेल तर कुंभाखाली ही चुंबळ घाला. मात्र तिच्यावर जुन्या धोतराच्या पट्टीचा सुती वेढा घट्ट गुंडाळून शिवा. सुती वेढा काढून धुता येतो, लोकरीचे तंतू लाकडाला चिकटत नाहीत आणि कसरीलाही आत शिरायला वाव कमी मिळतो. उरलेल्या स्वेटरचा वीणेला अंगरखा शिवण्याचा मोह मात्र टाळा. वीणेचे चोवीस पडदे मेणात बसवलेले असतात, आणि लोकरीत गुंडाळून उन्हातल्या गाडीत ठेवलेल्या वीणेचं मेण नरम पडलं की पडदे जागचे हलतात. मग दक्षिण राजवीथीच्या कारागिरांकडे फेऱ्या ठरलेल्या.

ॲक्रिलिकची जी स्तुती मघाशी अर्धवट सोडली, ती बाहुल्यांसाठी होती. नवरात्रातल्या कोलूच्या, म्हणजे बाहुल्यांच्या मांडणीच्या, पायऱ्या उतरवल्या की बाहुल्या वर्षभर पेटीत जातात. मान डोलावणाऱ्या तंजावर बाहुल्यांचे सुटे भाग, मातीचे दशावतार, लग्नाचं वऱ्हाड, हे सगळं वर्तमानपत्रात गुंडाळायची आपली पद्धत; पण दमट हवेत छापील शाई रंगावर उमटते. ॲक्रिलिक स्वेटरच्या बाह्यांत एकेक बाहुली सरकवा. बाही ताणते, बाहुलीचा आकार घेते, दोन बाहुल्या एकमेकींवर आदळत नाहीत. रंग जातो का, ते आधी पांढऱ्या ओल्या फडक्यानं घासून बघा. खऱ्या लोकरीत बाहुल्या गुंडाळून अकरा महिने अंधारात ठेवणं म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण.

खऱ्या लोकरीचं एक काम मात्र ॲक्रिलिकला जमत नाही. तिला मुद्दाम आटवता येतं. एरवी जी चूक म्हणून आपण हळहळतो, ती इथे मुद्दाम करायची. स्वेटर उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि साबणासह ६० अंशांच्या पाण्यात वॉशिंग मशीनमध्ये फिरवा. मशीन नसेल तर कढत आणि गार पाण्यात आलटून पालटून बुचकळा आणि धुण्याच्या दगडावर रगडा. टाके दिसेनासे होऊन नमद्यासारखं जाड कापड तयार झालं की ते कुठेही कापा, धागा सुटत नाही. एका धुण्यात झालं नाही तर पुन्हा करा. लांबी रुंदीपेक्षा जास्त आटते, म्हणून माप आटल्यावरच घ्या. ‘मशीनमध्ये धुता येते’ अशी प्रक्रिया केलेली लोकर आटत नाही. तिच्यावर कष्ट वाया घालवू नका.

या नमद्याचे वीतभर चौकोन कापा, दोन थर ठेवून कडेनं काठटाका घाला. तापलेली वेंगलपाणै, म्हणजे काशाची हंडी, चुलीवरून उतरवून ठेवायला, कढत टंबलर धरायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. ओलं असताना वापरू नका, वाफ हाताला पोळते. मनगटाच्या रिबेचा तुकडा कॉफी फिल्टरला टोपरं म्हणून चढवला तर डिकॉक्शन ठिबकेपर्यंत गरम राहतं. एवढ्यापुरती का होईना, ऊब उपयोगी पडली. पण हौसेच्या भरात पाण्याच्या मातीच्या मडक्याला लोकरीचं आवरण करू नका. मडकं थंड होतं ते अंगावाटे पाझरून, वाऱ्यानं वाळून. त्याला झाकलं की पाणी कोमट. बर्फाच्या पाण्याची स्टीलची बाटली प्रवासात न्यायची असेल तर तिला मात्र बाही जरूर चढवा. तिथे उलट हिशेब असतो.

कापायचंच असेल आणि लोकर आटत नसेल, तर कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना शिलाई मशीनवर बारीक टाक्यांच्या दोन-दोन ओळी मारा, मगच मधून कात्री घाला. खुर्च्या-टेबलांच्या पायांना मोजे असेच होतात. तांबड्या ऑक्साइडच्या फरशीवर किंवा आत्तंगुडी टाइलवर लाकडी खुर्ची ओढल्याचे चरे ज्यांनी पाहिलेत, त्यांना जास्त सांगायला नको. मोजा सैल राहिला तर पायातून निघतो. वरच्या काठात बारीक इलॅस्टिक ओवा.

अख्खा स्वेटर उसवून लोकर परत मिळवणं ही आपल्याकडची जुनीच पद्धत. मी ती शेवटी ठेवतो, कारण वेळ फार जातो आणि कोपराशी, काखेशी झिजलेला धागा जागोजाग तुटतो. तरी करायचंच असेल तर विणकाम जिथे बंद केलं तिथून, म्हणजे बहुधा गळ्याच्या आणि खांद्याच्या बाजूनं, सुरू करा. खालच्या काठापासून ओढलं तर धागा दर ओळीला गुंततो. निघालेला धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात तासभर ठेवा, टांगून वाळवा. खऱ्या लोकरीची वळणं बरीचशी जातात, ॲक्रिलिकची थोडी राहतातच. अशा कुरळ्या धाग्याचं जाड क्रोश्याच्या सुईनं, तिहेरी धागा घेऊन पायपुसणं करा. वळणं दिसत नाहीत आणि पावसाळ्यात ॲक्रिलिक झटपट वाळतं. खाली रबराची जाळी शिवल्याशिवाय ते गुळगुळीत फरशीवर टाकू नका, घरात म्हातारं माणूस असेल तर मुळीच नाही.

उरलेसुरले धागे, गाठी आणि रिबेचे तुकडे खऱ्या लोकरीचे असतील तर सुया टोचायच्या गादीत भरा, ॲक्रिलिकचे असतील तर दाराच्या फटीखाली लावायच्या लांब सुती नळीत. राजवीथीची धूळ आणि मुंग्या दोन्ही अडतात. नळी भरताना तिच्यात मूठभर वाळू घाला, म्हणजे दार उघडता-मिटताना ती जागची हलत नाही.